स्लीव्हनंतर वजन परत चढलं, दुसरी शस्त्रक्रिया करावी का?

मुक्तछंद (धागाकर्ती):
नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आले, पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय असा आहे की घरी बोलायला गेलं की दोन वाक्यांत वाद होतो.

काही वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात ती शस्त्रक्रिया) झाली. तेव्हा वजन १२४ किलो होतं. दोनेक वर्षांत ते ८२ वर आलं. गुडघे दुखायचे थांबले, रक्तदाबाची गोळी सुटली, जिने चढताना दम लागेनासा झाला. मग काही काळ काटा तिथेच राहिला आणि नंतर महिन्याला अर्धा-पाऊण किलो असा सरकायला लागला. आज १०९ आहे. रक्तदाबाची गोळी परत सुरू झाली.

दुसरा त्रास जळजळीचा. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, मध्यरात्री ठसका लागून जाग येते. उशाकडची बाजू उंच करून झोपते. अ‍ॅसिडिटीची गोळी एक दिवस चुकली तरी घसा सोलवटल्यासारखा होतो. स्लीव्हच्या आधी हे काहीच नव्हतं.

पहिल्या सर्जननी 'बायपासमध्ये कन्व्हर्ट करू' म्हटलं, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून तिला आतडं जोडायचं. दुसरे म्हणाले की वजन जास्त उतरायला हवं असेल तर सॅडी (स्लीव्ह तशीच ठेवून तिच्याखाली आतडं जोडायचं) करा. तिसऱ्यांकडे गेले तर ते म्हणाले, शस्त्रक्रिया कशाला, आता वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय. तिघंही आपापल्या जागी ठाम. घरच्यांचं एकच पालुपद: एकदा पोट कापून घेतलंस, काय मिळालं?

ज्यांनी दुसऱ्यांदा केली, किंवा ठरवून केली नाही, त्यांचं ऐकायचंय. निर्णयाआधी काय काय तपासून घ्यावं हेही सांगा. 'तोंडावर ताबा ठेव' हे मी रोज ऐकते, तेवढं कृपया नको.

निळी_छत्री:
मुक्तछंद, तुमचं रात्रीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच माझं चाललं होतं. माझी स्लीव्हची बायपास करून घेतली, मुख्यतः जळजळीसाठी. वजन हा दुसरा हेतू होता.

आधी चांगलं सांगते. जळजळ गेली. गोळी काही महिन्यांनी डॉक्टरांनीच बंद केली आणि मी सपाट उशीवर झोपते.

आता बाकीचं. शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा बरीच लांबली, कारण आत पोट यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेलं होतं, ते आधी सोडवावं लागलं. पहिल्या वेळी मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारत होते, या वेळी उठून बसायलाच वेळ लागला. पातळ आहाराचे दिवसही जास्त जड गेले. घोट घोट पाणी, तेही मोजून, आणि एक घोट जरी घाईत गेला तरी छातीच्या मधोमध अडकून राहायचा. त्यानंतर डंपिंगशी ओळख झाली. काही गोड खाल्लं की वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, मग तासभर आडवं पडावं लागतं. स्लीव्हमध्ये मला हे कधी झालं नव्हतं.

वजनाचं विचाराल तर उतरलं, पण पहिल्यासारखं धो धो नाही. माझ्या सर्जननी आधीच बजावलं होतं की दुसऱ्या खेपेला पहिल्या खेपेइतकी घट धरून चालू नका. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं म्हणून मी खचले नाही. तुमच्या सर्जननी सांगितलंय का?

आहारवही:
मी आहारतज्ज्ञ आहे, बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेच्या) रुग्णांबरोबर काम करते. मुक्तछंदताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सुरुवात करू.

१२४ वरून ८२, म्हणजे ४२ किलो, सुरुवातीच्या वजनाच्या जवळपास ३४ टक्के. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (इफ्सो) २०२४ च्या व्याख्येनुसार एकूण वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी घट झाली तर सुरुवातीचा प्रतिसाद अपुरा मानतात. तुमचा प्रतिसाद उत्तम होता. म्हणजे शस्त्रक्रिया 'फेल' झाली हा शब्द तुमच्या बाबतीत मला मान्य नाही. मात्र ४२ पैकी २७ किलो परत आले, ते उतरलेल्या वजनाच्या ६४ टक्के होतात. ३० टक्क्यांहून जास्त परत आलं की त्याला वजन पुन्हा वाढणं म्हणतात. तुम्ही त्यात आहात.

हा फरक मी मुद्दाम सांगतेय. मुळातच वजन उतरलं नाही आणि उतरून परत चढलं, या दोन गोष्टींची कारणं वेगळी असतात. पहिल्यात शस्त्रक्रियेची रचना, तिची निवड, किंवा शरीराचा मूळ प्रतिसाद तपासावा लागतो. दुसऱ्यात 'कधीपासून चढायला लागलं आणि तेव्हा काय बदललं' हे शोधावं लागतं.

म्हणून विचारते. ज्या सुमारास काटा सरकायला लागला तेव्हा कुठलं नवीन औषध सुरू झालं का? स्टिरॉइड, इन्सुलिन, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, प्रीगॅबालिन, काही मनोविकारांवरची औषधं, काही बीटा ब्लॉकर, ही सगळी वजन वाढवू शकतात. थायरॉइड तपासलंय? पाळीत बदल? झोपेत घोरणं, श्वास थांबणं? घरातलं आजारपण, रात्रपाळी? मी असे रुग्ण पाहते ज्यांची औषधं बदलल्यावर निम्मा प्रश्न सुटतो आणि दुसरी शस्त्रक्रिया लागतच नाही.

आणि जळजळीचा आहाराशी असलेला एक संबंध कुणी सांगत नाही. घट्ट, प्रथिनांचं अन्न घशाशी येतं, अडकतं, म्हणून माणूस नकळत मऊ आणि पातळ पदार्थांकडे वळतो. ते स्लीव्हमधून सरकन खाली उतरतात, पोट भरल्याची जाणीव होत नाही, दर दीड-दोन तासांनी थोडंथोडं खाल्लं जातं. तुम्ही खादाड झालात असं यात काही नाही. जळजळीने तुमचा आहार बदलला आणि त्या आहाराने वजन बदललं. एक आठवडा काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याआधी घशाला काय वाटत होतं, एवढं लिहून बघा.

साधामाणूस:
सर्वांचा आदर ठेवून लिहितो. माझं वजन मी चालणं आणि नियमित खाणं यांवर उतरवलं आणि टिकवलं. दुसऱ्यांदा सुरी लावण्याआधी सहा महिने मनापासून प्रयत्न करावा असं मला वाटतं. शरीर कापणं हा शेवटचा उपाय असावा.

पानगळ:
साधामाणूस, तुमचं कौतुक आहे, पण तुमचं उदाहरण इथे लागू होत नाही. १२४ किलोचं शरीर ८२ वर आलं की ते ८२ ला आपलं घर मानत नाही. विश्रांतीत जळणारी ऊर्जा अपेक्षेपेक्षा कमी होते, भुकेचे संकेत वाढतात. शस्त्रक्रिया ही ओढ दाबून धरते, कायमची पुसत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात सर्वच प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर वजन एक-दोन वर्षांत सर्वात खाली गेलं आणि मग सगळ्याच गटांत थोडं वर आलं. बायपासवाल्यांची घट सरासरी ३२ टक्क्यांवरून दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर आली, बँडवाल्यांची (जठराभोवती पट्टा बसवलेल्यांची) २० वरून १४ वर. हजारो माणसं एकाच वेळी आळशी झाली असं म्हणायचं का? आणि याच दहा वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांचं वजन होतं तिथेच, दोन टक्क्यांच्या आत-बाहेर राहिलं. घरच्यांच्या 'काय मिळालं'ला हेच उत्तर आहे. आज १०९ वर असूनही त्या १२४ पेक्षा पंधरा किलो खाली आहेत, आणि मधली वर्षं त्यांचे गुडघे आणि हृदय हलकं ओझं वाहत होते.

साधामाणूस:
हा अभ्यास मला माहीत नव्हता. मुक्तछंद, मी वर लिहिलेलं तुम्हाला उद्देशून घेऊ नका.

हिरवापडदा:
मी डॉक्टर आहे, भूलशास्त्र. सर्जन नाही, पण अशा शस्त्रक्रियांच्या टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला नेहमी उभा असतो. इथे लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांच्या जागी घेऊ नये.

तीन सर्जन तीन गोष्टी सांगतात कारण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. पहिल्याने तुमची जळजळ ऐकली, दुसऱ्याने वजन ऐकलं, तिसऱ्याने जोखीम ऐकली.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती अरुंद नळी. ही नळी सहजी ताणली जात नाही म्हणून आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की आम्ल वर सरकतं. नळी मध्येच वळलेली किंवा आवळलेली असेल, किंवा जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल (हायटस हर्निया), तर त्रास दुप्पट. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची दहा वर्षं तुलना केली, त्यात एंडोस्कोपीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के लोकांत दिसला.

बायपासमध्ये वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी ठेवतात आणि तिला लहान आतडं जोडतात. आम्ल तयार करणारा बहुतेक भाग वेगळा पडतो, आणि पित्त मीटर-दीड मीटर खाली येऊन मिळतं. त्यामुळे वर चढायला फारसं काही उरत नाही. सॅडीमध्ये मात्र स्लीव्ह आहे तशीच राहते, आतड्याची जोडणी त्याखाली होते. वजन आणि मधुमेह यांवर ती जोरदार काम करते, पण जळजळीचं मूळ जागच्या जागी राहतं. तुमच्यासारखं लक्षण असताना मी स्वतःच्या माणसाला सॅडी सुचवणार नाही. शिवाय तीत प्रथिनं आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडण्याचा धोका बायपासपेक्षा जास्त, आणि शौचाच्या सवयी बदलतात. स्लीव्हच पुन्हा कापून अरुंद करणं हाही एक पर्याय सांगितला जातो. जळजळ असताना तो नकोच.

एकाच जोडाचा बायपास, ज्याला मिनी बायपास म्हणतात, तो सुचवला गेला तर विचारा की पित्त वर येण्याचं काय. तिथे पित्त त्याच जोडावरून जातं. जळजळीसाठीच करायची असेल तर बरेच सर्जन रू-एन-वाय पद्धत, म्हणजे वर आधी सांगितलेला बायपास, पसंत करतात.

जोखमीबद्दल आडपडदा ठेवणार नाही. दुसऱ्या खेपेला आत चिकटलेलं असतं, ऊतींना पूर्वीचे स्टेपल असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो. जोडाला गळती, रक्तस्राव, पुन्हा टेबलावर जावं लागणं, हे सगळं पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळा घडतं. म्हणून सर्जनला सरळ विचारा: पुनर्शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता, आणि गळती झाली तर रात्री दोन वाजता कोण येतं? मला स्वतःला दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं.

मुक्तछंद (धागाकर्ती):
हिरवापडदा, इतकं उलगडून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आता एक कबूल करायला हवं: तिघांपैकी एकानेही एंडोस्कोपी करायला सांगितली नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचा सविस्तर कागदही माझ्याकडे नाही, फक्त डिस्चार्ज कार्ड आहे.

आहारवही, वजन चढायला लागलं त्याच्या थोडं आधी पाठीच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन सुरू झालं होतं. ते अजून चालू आहे. कुणी जोडून पाहिलंच नव्हतं. आणि मऊ खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. तंतोतंत तसंच आहे.

हिरवापडदा:
मग निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. मूळ रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून ऑपरेशन नोट मागा. स्लीव्ह करताना किती जाड नळी आत ठेवून कापलं, हर्निया दिसला होता का, शिवला का, हे त्यात असतं. त्यानंतर एंडोस्कोपी. मग कॉन्ट्रास्ट पिऊन काढलेले एक्स-रे किंवा सीटी, म्हणजे नळी फुगलीय, वळलीय की ठीक आहे ते कळेल. चित्र अस्पष्ट राहिलं तर २४ तासांची आम्लाची तपासणी आणि अन्ननलिकेच्या हालचालीची मॅनोमेट्री. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन, थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). प्रीगॅबालिन मनाने बंद करू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं. ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याशी बोला.

उत्तररात्र:
आमच्याकडे वेगळी गोष्ट. यांना बँड बसवला होता, तो घसरला आणि पाणीसुद्धा उतरेना. आमच्या सर्जननी एकाच वेळी बँड काढून बायपास करायला नकार दिला. आधी बँड काढला, सूज उतरू दिली, काही महिन्यांनी बायपास. मधल्या काळात वजन वाढलं, चिडचिड झाली, पण मागे वळून पाहता ते थांबणं योग्य होतं. घाई करणारा सर्जन असेल तर दुसऱ्याला दाखवा, एवढंच.

कोरीपाटी:
इंजेक्शनची बाजू मी मांडते, कारण मी तोच रस्ता घेतला. माझा बायपास होता, जळजळ नव्हती, एंडोस्कोपीत पिशवी आणि जोड व्यवस्थित. म्हणजे दुरुस्त करण्यासारखं आत काही नव्हतं. सर्जननीच सांगितलं की इथे सुरीचं काम नाही.

शस्त्रक्रियेनंतर घट कमी पडलेल्या लोकांवर लिराग्लुटाइडची चाचणी झाली आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७० जण होते, चोवीस आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी ८.८ टक्के उतरलं, औषध नसलेली नुसती सुई घेणाऱ्यांचं अर्धा टक्का. ते रोजचं इंजेक्शन होतं. आठवड्याची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड त्याहून जोरकस आहेत.

माझा अनुभव: डोक्यात सतत चालू असलेला खाण्याचा विचार थांबला. पण सुरुवातीला मळमळ इतकी की प्रथिनं पूर्ण होईनात, आणि आधीच छोट्या पिशवीत आणखी कमी जाऊ लागलं. आहारतज्ज्ञांनी डोस वाढवण्याचा वेग कमी करायला लावला. हे औषध थांबवलं की वजन बहुतांशी परत येतं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे खर्चही दीर्घकाळचा धरायचा.

मुक्तछंद, तुमच्या जळजळीवर इंजेक्शन हे उत्तर नाही. ती औषधं पोट रिकामं व्हायला उशीर लावतात, काहींना जळजळ वाढते.

हिरवापडदा:
अनुमोदन. आणि जे इंजेक्शनवर आहेत त्यांनी कुठल्याही शस्त्रक्रियेआधी किंवा एंडोस्कोपीआधी भूलतज्ज्ञाला ते आवर्जून सांगा. उपाशी असूनही पोटात अन्न सापडतं, आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

मुक्तछंद (धागाकर्ती):
मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय. तपासण्या झाल्या.

एंडोस्कोपीत हायटस हर्निया आणि अन्ननलिकेचा दाह, ग्रेड बी (ए ते डी या चढत्या क्रमातला). बायोप्सीत काळजीचं काही नाही. नळी फार फुगलेली नाही. फेरिटिन आणि बी१२ दोन्ही कमी. ऑपरेशन नोट मिळाली, त्यात हर्नियाचा उल्लेखच नाही. प्रीगॅबालिन डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केलं, त्यानंतर काटा चढायचा थांबला आहे. उतरला नाही, पण थांबला.

आता चौथे सर्जन. त्यांनी कागद समोर ठेवून चित्र काढून दाखवलं. सल्ला: हर्नियाची दुरुस्ती आणि रू-एन-वाय बायपास. पण आधी लोह आणि बी१२ भरून काढायचं, मगच तारीख. वजनाबद्दल म्हणाले, 'जळजळ जाईल याची मला बरीच खात्री आहे, वजन उतरेल पण त्याचा आकडा मी देणार नाही. कमी पडलं तर नंतर औषध जोडू.' आकडा न देणारा हा पहिलाच माणूस, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला.

मी करतेय. हर्निया आणि दाह डोळ्यांनी दिसल्यावर मनात किंतु उरला नाही. घरी अहवाल वाचून दाखवला, त्यानंतर 'काय मिळालं' बंद झालं. सोबत कोण येणार यावर चर्चा सुरू आहे.

आहारवही:
फार बरं वाटलं. दोन गोष्टी गाठीशी ठेवा. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील तर 'होईल बरं' म्हणून बसू नका. सततच्या उलट्यांनी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) संपतं. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागलं, चालताना तोल जायला लागला, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच रुग्णालय, आणि तिथे ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला सांगायचं. सोबत येणाऱ्यालाही हे वाचून दाखवा, कारण त्या क्षणी तुम्हाला सांगता येईलच असं नाही. दुसरं, जीवनसत्त्वं आता जन्मभर, आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासणी.

निळी_छत्री:
मुक्तछंद, मनापासून शुभेच्छा. पाठदुखीसाठी तुम्ही वेदनाशामक घेत असाल ना? बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या वर्ज्य. जोडावर व्रण होतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी बायपास झालाय हे आधी सांगायचं.

मुक्तछंद (धागाकर्ती):
डायक्लोफेनॅकच घेत होते, अधूनमधून. पाठीच्या डॉक्टरांना उद्याच फोन करते. आतापासूनच पर्याय काय ते विचारून ठेवते.

हिरवापडदा:
सध्या स्लीव्ह आणि दाह असतानाही ती गोळी नकोच. सहसा पॅरासिटामॉलपासून सुरुवात करतात, सोबत फिजिओथेरपी. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, किंवा तुम्ही, तर तेही आत्ताच बंद. त्या व्रणाचं दुसरं मोठं कारण तेच आहे.